पहिला कॅनेडियन हिवाळा, ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी आणि विंटर टायरचा निर्णय

तुमचा प्रश्न मला असा कळला. जुलैत पुण्याहून कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, वॉटर्लूला आलात. ऑगस्टमध्ये २०२१ ची टोयोटा रॅव्ह-४ सेकंडहँड घेतली. गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह, रिम १९ इंची, टायर ऑल-सीझन, म्हणजे नेहमीचे, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. मुलाला डेकेअरला सोडणं रोजचं, आणि आठवड्यातून तीन दिवस तुमच्या मिसेस ४०१ या हायवेवरून मिसिसागाला जातात. ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, ऑल-व्हील असताना वेगळे टायर कशाला. दुसरा म्हणतो घ्या, पण ब्लॅक फ्रायडेच्या सेलपर्यंत थांबा. तिसऱ्याने ऑल-वेदर, म्हणजे हिवाळ्यासकट वर्षभर चालणारे टायर, सुचवलेत. शिवाय राहता अपार्टमेंटमध्ये, म्हणजे जास्तीचे चार टायर ठेवायचे कुठे हाही प्रश्न आहेच. थोडक्यात, विंटर टायर घ्यायचे का, कुठले आणि कधी?

मी इथे ऑन्टॅरिओत लायसन्स असलेला मेकॅनिक आहे आणि दर वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर माझं बहुतेक काम टायरचंच असतं. तुमच्या बाबतीत माझं मत आधीच सांगून टाकतो: पूर्ण विंटर टायर घ्या, १७ इंची वेगळ्या स्टील रिमवर चढवून घ्या, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पैसे भरून तारीख पक्की करा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसवून मोकळे व्हा. हे उत्तर सगळ्यांना लागू नाही. तुमच्या ऐवजी दुसरं कुणी असतं तर मी वेगळं सांगितलं असतं, आणि ते कुठे बदलतं हे कळलं तर पुढच्या गाडीच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ऑल-व्हील ड्राइव्हची, कारण दर हिवाळ्यात सगळ्यात जास्त गैरसमज मला इथेच दिसतो. ऑल-व्हीलमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. बर्फात रुतलेली गाडी निघते, सिग्नलला चाक जागच्या जागी फिरत नाही, चढ चढतो. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. थांबताना तुमच्या रॅव्ह-४ ला शेजारच्या साध्या कोरोलापेक्षा काहीही जास्त मिळत नाही, उलट वजन जास्त असतं. वळणावर गाडी रस्ता धरते ती टायरच्या जोरावर. आणि अडचण अशी की ऑल-व्हीलची गाडी सहज सुटते, वेग पटकन घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्याला ब्रेक मारेपर्यंत कळतच नाही. पहिल्या बर्फानंतर आमच्याकडे टो होऊन येणाऱ्या गाड्यांत ऑल-व्हीलवाल्या काही कमी नसतात.

थोडं गणित करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेग आहे आणि तुम्ही पूर्ण ब्रेक मारला. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर गाडी थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात. टायर बदलून तोच गुणांक ०.३ झाला, तर ३३ मीटर. हे दोन आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत. खऱ्या रस्त्यावर ते तापमान आणि बर्फाच्या प्रकाराप्रमाणे वरखाली होतात. पण यातून जे निघतं ते महत्त्वाचं आहे. जिथे दुसरी गाडी पूर्ण थांबलेली आहे, त्याच जागेवरून पहिली गाडी अजून ताशी जवळजवळ २९ च्या वेगाने पुढे जात असते. डेकेअरसमोरच्या क्रॉसिंगवर हे १६ मीटर काय असतात, हे मी वेगळं सांगायला नको.

आता टायरमध्ये नेमका फरक कशाचा. लोक नक्षी बघतात, पण निम्मं काम रबराचं असतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं, तसंच काहीसं ऑल-सीझनच्या रबराचं थंडीत होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते ताठर व्हायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसेनासं होतं. उणे १५ ला तर ते जवळजवळ प्लॅस्टिकसारखं वागतं, रस्ता कोरडा असला तरी. विंटर टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की कडाक्याच्या थंडीतही ते मऊ राहतं. शिवाय नक्षी खोल असते आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. टायर टेकला की त्या चिरांच्या कडा उघडतात आणि बर्फाला धरतात. बर्फावर पाण्याचा जो पातळ थर असतो तोही त्या बाजूला काढतात.

हा पाण्याचा थर लक्षात ठेवा. नवीन आलेल्या माणसाला वाटतं की उणे २५ चा दिवस सगळ्यात धोक्याचा. खरं तर इथला सगळ्यात वाईट रस्ता शून्याच्या आसपास असतो. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं, वरून बारीक ओल असते आणि डांबर नुसतं काळं, ओलं दिसतं. ब्लॅक आइस म्हणतात ते हेच. वॉटर्लूला असे दिवस भरपूर. त्यात ह्यूरॉन सरोवराकडून येणारे स्नो स्क्वॉल, म्हणजे अचानक येणारे बर्फाचे जोरदार झोत, असतात. किचनरला ऊन आणि पुढे वीस मिनिटांवर समोरची गाडी दिसत नाही, असं ४०१ वर होतं. तुमच्या मिसेस ज्या रस्त्याने जातात त्यावर बर्फ वितळवायचं मीठ लवकर पडतं, बर्फ हटवणारे नांगरही सतत फिरतात, हे खरं. पण मिठाचाही जोर फार थंडीत कमी होत जातो, आणि नांगर येण्याआधीचा अर्धा तास असतोच.

मग ऑल-सीझन, ऑल-वेदर आणि विंटर यांतलं काय घ्यायचं? नावांत गोंधळू नका, टायरच्या बाजूवरचं चिन्ह बघा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाचा स्फटिक, असं छोटं चित्र असतं. हे चिन्ह १९९९ पासून वापरात आहे, आणि ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत ठरावीक संदर्भ टायरपेक्षा निदान १० टक्के चांगली पकड दाखवावी लागते. तुमच्या आत्ताच्या टायरवर एम प्लस एस (M+S) असं लिहिलेलं असणार. त्याचा अर्थ इतकाच की नक्षीची रचना चिखल-बर्फाच्या जुन्या व्याख्येत बसते. त्यासाठी बर्फावर कुठली चाचणी द्यावी लागत नाही. त्यामुळे एम प्लस एस वाचून निर्धास्त होऊ नका.

ऑल-वेदर टायरवर डोंगराचं चिन्ह असतं आणि ते वर्षभर चालतात. इथेच तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याचा मुद्दा येतो, आणि तो चुकीचा मुळीच नाही. मात्र एक समजून घ्या. ती चाचणी मुख्यतः दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे खेचण्याची आहे. काचेसारख्या बर्फावर थांबण्याची किंवा वळण्याची परीक्षा त्यात नाही. चिन्ह दोघांवर सारखंच असलं तरी चांगला विंटर टायर आणि चांगला ऑल-वेदर टायर यांच्यात बर्फाळ रस्त्यावर ब्रेक मारताना फरक राहतो. आणि तो तापमान उतरेल तसा वाढतो, कारण ऑल-वेदरच्या रबराला जुलैतल्या ३२ अंशांतही टिकायचं असतं.

माझी निवड करायची पद्धत सोपी आहे. मी गिऱ्हाइकाला विचारतो, की सकाळी उठून बाहेर वीस सेंटिमीटर बर्फ दिसला तर तुम्ही घरी थांबू शकता का? ज्यांचं काम घरून चालतं, शहराबाहेर क्वचित जाणं होतं, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच गाडी फिरते, त्यांना टोरांटो किंवा मिसिसागात मी ऑल-वेदर आनंदाने बसवून देतो. दोन वर्षांच्या वर्क परमिटवर आलेल्या आणि पुढे कुठे असू हे माहीत नसलेल्या जोडप्यालाही तेच सांगतो. व्हँकुव्हरच्या शहरी भागात तर ते उत्तमच, तिथे हिवाळा म्हणजे जास्त करून पाऊस. पण ओटावा, सडबरी, बॅरी, विनिपेग, किंवा कॅल्गरीत राहून शनिवार-रविवारी बॅन्फला जाणारे लोक असतील, तर विंटरच. तुमच्या घरी तीन दिवसांची हायवेची ये-जा आहे, ती टाळता येणारी नाही, पहाटे अंधारात निघणं आहे आणि बर्फात गाडी चालवायचा दोघांनाही आधीचा अनुभव नाही. अनुभवी माणूस टायरची थोडी उणीव हाताने भरून काढतो. पहिल्या हिवाळ्यात तो हात अजून तयार झालेला नसतो. म्हणून तुमच्यासाठी माझा कौल विंटरला.

दोनच घेऊन भागेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. नाही, चारही घ्या. पुढचे दोन विंटर आणि मागचे दोन ऑल-सीझन असले तर ब्रेक मारताना पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा सुटून गाडी गर्रकन फिरते. आमच्याकडे कुणी दोनच मागितले तर मी ते काम घेत नाही.

आता साइज. इथे तुमचे पैसे वाचण्याची चांगली संधी आहे. दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर तुमच्या गाडीचा साइज २३५/५५ आर १९ असणार. १९ इंची विंटर टायर मिळतात, पण महाग, आणि पर्यायही कमी. हीच रॅव्ह-४ साध्या मॉडेलमध्ये २२५/६५ आर १७ वर येते. दोन्हींच्या बाहेरच्या व्यासात फरक दोन-अडीच टक्क्यांचा, म्हणजे स्पीडोमीटरवर फारसा परिणाम नाही. हिवाळ्यासाठी १७ इंची सेट केला तर टायर स्वस्त पडतो. तो थोडा अरुंद असल्यामुळे ओल्या बर्फाच्या लगद्यातून खाली रस्त्यापर्यंत लवकर पोचतो. आणि बाजूची भिंत उंच असल्यामुळे मार्चमधल्या खड्ड्यांत रिम वाचतो. इथले मार्चचे खड्डे पुण्याची आठवण करून देतील, तयारीत राहा. फक्त रिम घेताना दुकानदाराकडून तुमच्या गाडीच्या व्हीआयएन नंबरवरून (गाडीचा ओळखक्रमांक) खात्री करून घ्या की तो ब्रेकच्या कॅलिपरला घासणार नाही. इंच आपल्या मनाने कमी करायचे नाहीत. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, स्टिकरवर आहे त्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. स्पीड रेटिंग मात्र विंटरमध्ये बहुधा एक-दोन पायऱ्या खाली असतं आणि ते चालतं. टी म्हणजे ताशी १९०, तेवढा वेग तुम्हाला इथे कुणी करू देणार नाही.

वेगळे रिम कशाला, आहेत त्याच रिमवर दर वेळी टायर बदलले तर? बदलता येतात. पण दर वर्षी दोनदा टायर रिमवरून काढायचा, घालायचा, बॅलन्स करायचा, म्हणजे मजुरी जवळपास दुप्पट. शिवाय प्रत्येक वेळी टायरच्या कडेला ताण बसतो आणि अलॉय रिमला ओरखडे जातात ते वेगळंच. रिमसकट सेट असला तर अर्ध्या तासाचं काम. तीन-चार हिवाळ्यांत स्टील रिमचे पैसे निघून येतात, आणि मिठाने खराब व्हायचे ते शंभर डॉलरचे काळे रिम होतात, तुमचे १९ इंची अलॉय नाही. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सेन्सरचं आधी विचारून ठेवा. नव्या सेटमध्ये सेन्सर घातले नाहीत तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा संपूर्ण हिवाळा लागलेला राहील, आणि खरंच हवा गेली तर कळणार नाही. मी तरी सेन्सर घालायला सांगतो.

ब्रँडवर मी फार वेळ घालवणार नाही. मिशेलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, नोकियन हाकापेलिटा, कॉन्टिनेन्टल व्हायकिंगकॉन्टॅक्ट, या चारपैकी तुमच्या साइजमध्ये जो मिळेल तो डोळे मिटून घ्या. नोकियन ही फिनलंडची कंपनी, तिथे १९३४ पासून हिवाळी टायर बनताहेत. ब्लिझॅक १९८८ मध्ये जपानमध्ये आला. या सगळ्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांच्यातला आपसातला फरक तुम्हाला रोजच्या चालवण्यात जाणवणार नाही. मिशेलिन माझ्या पाहण्यात जास्त टिकतो, म्हणून जास्त किलोमीटर असणाऱ्यांना मी तो आधी सुचवतो, म्हणजे तुम्हालाही. अगदी अनोळखी, निम्म्या किमतीचे टायर बर्फावर पहिल्या वर्षी बरे चालतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात त्यांचं रबर टणक झालेलं मला वारंवार दिसतं. बजेट खूप ओढाताणीचं असेल तर मोठ्या कंपन्यांचे दुसऱ्या फळीतले ब्रँड आहेत, जनरलचा अल्टिमॅक्स किंवा फायरस्टोनचा विंटरफोर्स, ते घ्या. खिळ्यांच्या टायरचा विचार करू नका. ऑन्टॅरिओत ते उत्तर भागातल्या रहिवाशांना चालतात, वॉटर्लूच्या रहिवाशाला परवानगी नाही.

जुने टायर किजीजीवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची वेबसाइट) किंवा फेसबुकवर स्वस्तात दिसतील. घ्यायचेच तर दोन गोष्टी स्वतः पाहा. बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा विंटर टायर मी घेऊ देत नाही, नक्षी कितीही दिसली तरी, कारण त्याची सगळी किंमत रबराच्या मऊपणात आहे आणि तो गेलेला असतो. दुसरं, नक्षीची खोली मोजा. चार-पाच डॉलरला मोजायचं गेज मिळतं. नवा विंटर टायर ८ ते ९ मिलिमीटरचा असतो. ट्रान्सपोर्ट कॅनडाचं, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याचं, म्हणणं आहे की ४ मिलिमीटरच्या जवळ आलेला टायर बर्फाळ रस्त्यावर वापरू नये. आपल्याकडे टायर गोटा होईपर्यंत चालवायची सवय असते. इथे ४ मिलिमीटर राहिले की हिवाळ्यापुरता तो संपला असं समजा. म्हणजे ५ मिलिमीटरचा ‘चांगल्या कंडिशनमधला’ टायर विकत घेताना तुम्ही प्रत्यक्षात एका मिलिमीटरचे पैसे देत असता.

आता तुमचा खरा प्रश्न, कधी घ्यायचे. यात दोन वेगळ्या तारखा आहेत, विकत घेण्याची आणि बसवण्याची, आणि लोक दोन्ही एकच धरून चालतात म्हणून अडकतात.

बसवण्याची तारीख हवामान ठरवतं. सकाळी निघताना तापमान सातत्याने ७ च्या खाली राहायला लागलं की बसवावेत. वॉटर्लूला ही वेळ ऑक्टोबरच्या अखेरीस ते नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. सप्टेंबरात बसवू नका. उबदार ओल्या रस्त्यावर विंटर टायरचा ब्रेक लांब लागतो आणि मऊ रबर उगाच झिजतं. आणि पहिल्या बर्फाची वाटही बघू नका. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना वापरलेल्या रसायनाचा पातळ थर राहिलेला असतो. पहिले काहीशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर शांतपणे चालवले की तो जातो आणि चिरा नीट मोकळ्या होतात. ज्या दिवशी गरज आहे त्याच दिवशी बसवलेला टायर त्या दिवशी पूर्ण कामाला येत नाही.

विकत घेण्याची तारीख मात्र दुकानातला साठा ठरवतो. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर विंटरचा माल दुकानांत येतो. कंपन्या तो मुख्यतः आधीच्या अंदाजावर बनवतात. ऐन हंगामात एखादा साइज संपला तर परत लवकर येत नाही. २२५/६५ आर १७ हा तर कितीतरी छोट्या एसयूव्हींचा साइज, तो आधी संपतो. पहिल्या बर्फाच्या सकाळी आमचा फोन आठ वाजता सुरू होतो आणि दुपारपर्यंत पुढच्या दोन-तीन आठवड्यांच्या वेळा भरतात. त्या दोन-तीन आठवड्यांत लोक जुन्याच टायरवर फिरतात. दर वर्षी हेच होतं, आणि मला त्याची चीड येते, कारण टायरचे पैसे द्यायला तयार असलेली कुटुंबंच केवळ उशिरामुळे त्या दिवसांत धोक्यात असतात.

ब्लॅक फ्रायडे येतो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर वॉटर्लूला बहुधा एकदा तरी बर्फ पडून गेलेला असतो. टायरवर त्या दिवशी मिळणारी सूट म्हणजे बरेचदा कंपनीचा रिबेटच (खरेदीनंतर परत मिळणारे पैसे) असतो, चार टायरमागे साठ-सत्तर ते शंभर डॉलरचा, आणि तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू झालेला असतो. थांबून तुम्ही फार काही वाचवत नाही, फक्त निवड गमावता. खरी स्वस्ताई असते मार्च-एप्रिलमध्ये, उरलेला माल काढताना. तेव्हा तुमचा साइज उरला असेल तर नशीब. हा पर्याय ज्यांच्या जुन्या सेटमध्ये अजून एक हिवाळा शिल्लक आहे त्यांच्यासाठी. तुमच्याकडे सेटच नाही.

इथल्या मराठी गिऱ्हाइकांना मी एक सोपी खूण सांगतो. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून पूजा करताच ना? इथेही पार्किंगमध्ये करतात. त्याच दिवशी खाली वाकून चारही टायरची नक्षी आणि तारीख बघा आणि दुकानाला फोन करून वेळ घ्या. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत टायर बसलेले असावेत. दसरा कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, कधी विशीनंतर. उशिरा आला त्या वर्षी थँक्सगिव्हिंगचा सोमवार धरा, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. काढायचे एप्रिलच्या मध्याला, ७ चा नियम उलटा लावून. एखादा उबदार शनिवार आला म्हणून मार्चमध्ये काढू नका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला बर्फ इथे नवलाचा नाही.

ठेवण्याची अडचण खरी आहे, पण ती टायर न घेण्याचं कारण होऊ नये. बहुतेक दुकानं हंगामभर टायर सांभाळतात, आमच्या भागात साधारण शंभर डॉलरच्या आसपास, काही ठिकाणी थोडे जास्त. तुमच्या इमारतीत लॉकर असेल तर चार चाकं एकावर एक रचून मावतात. रिमसकट असतील तर आडवी रचा, नुसते टायर असतील तर उभे ठेवा. काळ्या पिशवीत, कोरड्या, अंधाऱ्या जागी, हीटर किंवा विजेच्या मोटारीपासून लांब. बाल्कनीत उन्हात मात्र नको. उन्हाने रबर तडकतं, आणि बऱ्याच इमारतींचे नियमही आड येतात.

एकूण खर्च किती? टायर, स्टील रिम, सेन्सर, बसवणं आणि १३ टक्के कर धरून तुमच्या गाडीला साधारण पंधराशे ते अठराशे डॉलर लागतील. रक्कम मोठी आहे, पहिल्या वर्षी तर जास्तच वाटते. पण विंटर टायर फिरत असतात तेव्हा ऑल-सीझन विश्रांती घेत असतात. दोन सेट मिळून दुप्पट वर्षं चालतात. टायरचा खर्च खरं तर तुम्ही पुढे करणार तोच आधी करता. जास्तीचा पडतो तो रिमचा, सेन्सरचा आणि वर्षातून दोनदा बदलण्याचा. शिवाय १ जानेवारी २०१६ पासून ऑन्टॅरिओतल्या विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत देणं बंधनकारक आहे. ती बहुधा ५ टक्क्यांपर्यंत असते. बिल जपून ठेवा आणि विमा एजंटला स्वतः फोन करा, आपणहून कुणी लावत नाही. नव्याने आलेल्यांचा विम्याचा हप्ता इतका भारी असतो की ते पाच टक्केही हातभार लावतात.

कायद्याचं विचारलंत म्हणून सांगतो. ऑन्टॅरिओत सक्ती नाही. क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे, पण ती तिथे नोंदलेल्या गाड्यांना. नाताळात मॉन्ट्रिआलला गेलात तर तुमच्या गाडीला दंड नाही, रस्ता मात्र तोच. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून नियम लागतो आणि तिथे निदान ३.५ मिलिमीटर नक्षी लागते. जर्मनीत तुमचे भाऊ आहेत म्हणालात, त्यांना सांगा की तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसतं एम प्लस एस चालत नाही, डोंगराचं चिन्हच लागतं.

बसवल्यानंतरची दोन कामं विसरू नका. शंभर किलोमीटरच्या आसपास चालवून झाले की परत येऊन चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासून घ्या. नव्या रिमवर ते किंचित सैल होतात आणि तपासणी बहुतेक दुकानं फुकट करतात. आणि हवा. दर पाच-सहा अंश तापमान उतरलं की साधारण १ पीएसआय दाब कमी होतो. आमच्या गरम गॅरेजमध्ये १५ अंशांत भरलेली हवा बाहेर उणे १५ ला पाच पीएसआयने उतरते, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही हवा नीट भरली नाही’ असे फोन येतात. महिन्यातून एकदा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे तपासा.

पहिला नीट बर्फ पडला की रविवारी सकाळी एखाद्या मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोघंही जा, मुलाला कुणाकडे तरी ठेवून. ताशी तीसच्या वेगाने सरळ चालवत ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली पेडल थरथरेल, कडकड आवाज येईल. ते एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम आहे, घाबरून पाय काढायचा नाही. किती अंतर लागलं ते उतरून पावलांनी मोजा. मग हेच तुमच्या मिसेसना करू द्या, त्या सोमवारी ४०१ वर जाण्याआधी.